कोयता बंद चालतो, मग बूट बंद का नाही?

ऊसतोड कामगार कोयता खाली ठेवून म्हणतो की दर वाढल्याशिवाय उसाला हात लावणार नाही, तेव्हा आपल्या जालना जिल्ह्यात त्याला कोणी लालची म्हणत नाही. अंबड-घनसावंगीकडच्या वाड्या-तांड्यांवर ‘कोयता बंद’ हा शब्द लहान पोरांनाही कळतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य केली, ती कारखानदारांना एका रात्रीत दया आली म्हणून नाही. ऊस शेतात उभा होता, गाळप चालू होतं आणि कामगार संघटनांनी काम थांबवण्याचा इशारा दिला होता. मजुराकडे विकायला फक्त मेहनत असते. ती कधी रोखून धरायची हे ज्याला कळलं त्यालाच भाव मिळतो. हे शहाणपण आपल्या गावांनी अनुभवातून कमावलं आहे.

मग चौतीस-पस्तीस वर्षांचा फुटबॉलपटू नीट करार मिळाल्याशिवाय सही करणार नाही म्हणतो, किंवा थकलेला पगार आल्याशिवाय सरावाला उतरणार नाही म्हणतो, तेव्हा आपली जीभ का बदलते? “बुढ्ढा हो गया, फिर भी पैसा-पैसा,” हे आपणच म्हणतो. “दुसरं कोण घेणार आहे त्याला? मिळतंय त्याचं शुक्र मान म्हणावं.” हसनाबादच्या चहाच्या टपरीवर मी हे ऐकलं आहे. बोलणारे कोणी क्लबमालक नव्हते. वाळूजच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारी आणि जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाजवळ बारा-बारा तास उभी राहणारी आपलीच पोरं होती. ज्यांना स्वतःच्या पगाराची चिठ्ठी कधी हातात मिळालेली नाही, ती पोरं खेळाडूच्या पगारावर मालकाच्या बाजूने निकाल देत होती.

हा लेख त्या निकालाविरुद्ध आहे.

आधी देशात काय घडलं ते पाहू. भारतीय फुटबॉल महासंघ आणि रिलायन्सच्या छत्राखालची एफएसडीएल कंपनी यांच्यातला हक्कांचा करार २०१० चा, पंधरा वर्षांचा. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पंधरा वर्षांपासून कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. तरी नवा करार वेळेत झाला नाही. जुलै २०२५ मध्ये कंपनीने कळवलं की इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम तूर्त थांबवला आहे. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं जाहीर केलं. आणखीही क्लबांनी हात आखडले. महासंघाने नव्या भागीदारासाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. मुंबई सिटीतून मँचेस्टर सिटीवाला परदेशी मालकही बाहेर पडला. शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये छोटा हंगाम कसाबसा सुरू झाला, आणि तोही सुरू होण्याआधी क्लबांकडून पगारकपातीची भाषा कानावर येऊ लागली.

या सगळ्यात खेळाडूंचा दोष कुठे होता? त्यांनी करार मोडला नव्हता, सरावाला दांडी मारली नव्हती. मोडलं ते वर मोडलं आणि कापलं ते खाली कापलं.

बेंगळुरूच्या त्या संघात आपला मुंबईकर राहुल भेके होता. मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना जादा वेळेत गेला, तेव्हा गोव्याविरुद्ध डोक्याने मारलेला त्याचा गोल बेंगळुरूला पहिलं विजेतेपद देऊन गेला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून खेळताना इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्धही त्याने असाच हेडर मारला. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. त्याचा जन्म १९९० चा, म्हणजे पगार थांबले तेव्हा तो पस्तिशीत होता. पस्तिशीतल्या बचावपटूचा एक हंगाम वाया जाणं आणि बाविशीतल्या पोराचा एक हंगाम वाया जाणं ही एकच गोष्ट नाही. बावीस वर्षांच्या पोराचं वर्ष वाया जातं, पस्तिशीतल्याचं दुकानच बंद होऊ शकतं. त्याच संघातला सुनील छेत्री तर चाळिशी ओलांडलेला.

“इतनी उमर में क्या जिद,” असं विचारणाऱ्यांनी हे गणित मांडून बघावं. शिक्षक अठ्ठावन्नपर्यंत शिकवतो, गवंडी पाठ साथ देईल तोवर थापी धरतो. फुटबॉलपटूचं सगळं आयुष्य वीस ते पस्तीस या पंधरा वर्षांत येतं, त्यातली दोन-तीन गुडघ्याच्या ऑपरेशनात जातात. शेवटचा करार हा त्याच्यासाठी नुसता पगार नसतो. तोच प्रॉव्हिडंट फंड, तीच पेन्शन आणि पुढची पंचवीस वर्षं काय करायचं हे शोधायला मिळणारा वेळही तोच. म्हणून अनुभवी खेळाडू सही लांबवतो तेव्हा तो फक्त आकड्यावर अडलेला नसतो. त्याला एक वर्षाऐवजी दोन वर्षांची हमी हवी असते. दुखापत झाली तर पगार चालू राहील हे कागदावर हवं असतं. क्लब बुडाला तर थकबाकी कोण देणार, हे आधी ठरलेलं हवं असतं.

आणि या भीतीला महाराष्ट्रात भरपूर कारण आहे. आपल्या राज्यात क्लबांचं कब्रस्तान आहे. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा जुना, मानाचा क्लब. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि पाच वर्षांत कंपनीने तो बंद केला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी असे एकामागून एक क्लब आले आणि गेले. भारत एफसीचा तर संसार एका हंगामाचा. मुंबई एफसी २००७ मध्ये आला, २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये आयएसएल जिंकली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत पगार थकले म्हणून खेळाडू तिथून रांगेने बाहेर पडत होते. एवढं पाहिल्यावर जो खेळाडू करार न वाचता सही करतो त्याला मी तरी भोळाच म्हणेन.

अनस एडतोडिकाचं नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला मुसलमान पोरगा, घर चालवायला तरुणपणी रिक्षा चालवलेला. त्याच्या मोठ्या फुटबॉलची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात झाली, आधी मुंबई एफसीत, मग पुणे एफसीत. दोन्ही क्लब आज नाहीत. २०१७ च्या आयएसएल ड्राफ्टमध्ये जमशेदपूरने सगळ्यात आधी त्याला उचललं, रक्कम १ कोटी १० लाख. भारतीय संघाच्या बचावाचा तो कणा होता. जानेवारी २०१९ मध्ये आशिया चषकात बहरीनविरुद्ध सुरुवातीलाच दुखापतीने मैदान सोडावं लागलं आणि त्यानंतर लगेच त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. २०२४ मध्ये क्रीडा कोट्यातल्या सरकारी नोकरीचा प्रश्न आला, तेव्हा त्याच्याच राज्याच्या सरकारने उत्तर दिलं की तो निकषांत बसत नाही.

ते ‘१ कोटी १० लाख’ वाचून तुम्ही काय म्हणालात? खरं सांगा. “मग कशाला रडायचं?” हेच ना? पण एका वर्षाचा हा आकडा आपण त्याच्या सबंध आयुष्यावर चिकटवतो. त्याआधी छोट्या क्लबांतली वर्षं होती, नंतर दुखापतीची वर्षं आली. मोसंबीला एका वर्षी चांगला भाव मिळाला म्हणून भोकरदनच्या शेतकऱ्याला कोणी कायमचा श्रीमंत ठरवत नाही. मागच्या दुष्काळात बाग वाळली होती आणि पुढचं वर्ष कसं जाईल ते ठाऊक नाही, हे आपल्याला चांगलं समजतं. खेळाडूच्या बाबतीत मात्र ते समजून घ्यायचं आपण टाळतो.

पूर्वी अशी स्थिती नव्हती, आणि ही गोष्ट तरुण वाचकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबादचा भाग होता, म्हणून हैदराबादचं फुटबॉल हे थोडं आपलंही. सय्यद अब्दुल रहीम साहेब तिथलेच, पेशाने शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकला. त्या काळच्या खेळाडूंना कोटी सोडा, हजारही पाहायला मिळत नव्हते. पण हैदराबाद सिटी पोलीसच्या खेळाडूला पोलिसाची नोकरी होती. मुंबईतही तसंच. टाटा, मफतलाल, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे यांच्या संघांतला खेळाडू कंपनीचा कर्मचारी असायचा. गुडघा गेला तरी हजेरीपटावरचं नाव जात नसे. खेळ सुटल्यावर टेबल मिळायचं, निवृत्तीनंतर काही ना काही पेन्शन.

आज भारताचे मुख्य प्रशिक्षक असलेले खालिद जमील याच मुंबईच्या फुटबॉलमधून आले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी असा त्यांचा प्रवास. खेळणं थांबल्यावर त्याच मुंबई एफसीला कमी पैशांत, कमी खेळाडूंत त्यांनी वर्षानुवर्षं वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवलं. मग मिझोरामच्या आयझॉल एफसीला घेऊन २०१७ मध्ये त्यांनी आय-लीग जिंकली, तीही मोहन बागान-ईस्ट बंगालच्या नाकावर टिच्चून. पुढच्या हंगामात ते ईस्ट बंगालला गेले, तेव्हा “आयझॉलने मोठं केलं आणि हा पैशामागे गेला” असा सूर निघाला होताच. मला त्यात काही गैर दिसत नाही. कामाचा भाव वाढला, तो त्यांनी घेतला. आपल्या गल्लीतला मिस्त्री दुबईला जातो तेव्हा आपण मिठाई वाटतो.

तर मुद्दा असा की नोकरी गेली आणि करार आला. करारात पैसे जास्त असतात, पण जोखीम सगळी खेळाडूच्या अंगावर येते. हे फक्त फुटबॉलमध्ये झालं का? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाहेरच्या कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रस्त्यावर उतरली आणि २० ऑक्टोबरला सरकारला तो मागे घ्यावा लागला. तेव्हा आपणही व्हॉट्सअ‍ॅपवर रान उठवलं होतं. कायम नोकरी जाऊन अकरा महिन्यांची ऑर्डर हातात येते तेव्हा काय होतं, हे ज्यांच्या घरात अंगणवाडीतली, आरोग्य केंद्रातली किंवा तासिका तत्त्वावरची कोणी बाई आहे त्यांना मी काय सांगू? फुटबॉलपटूही त्याच रांगेत आहे. त्याची रांग टीव्हीवर दिसते, एवढाच काय तो फरक.

विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. भारतातले बहुतेक फुटबॉल क्लब तोट्यात चालतात. तिकिटांतून फारसं येत नाही, टीव्हीचा पैसा आटला आहे आणि मालक खिशातून घालतो. हे खरं आहे. पण तोटा होणार हे मालकाला सही करताना माहीत होतं. जाहिरातीसाठी, नावासाठी, मंत्र्यांशेजारी बसायला मिळावं म्हणून, कधीकधी खऱ्या प्रेमानेही त्याने क्लब घेतला. तो त्याचा धंद्याचा निर्णय. कापसाचा भाव पडला म्हणून जिनिंगवाल्याने हमालाची हमाली बुडवली, तर बाजार समितीत आपण काय म्हणू? “शेठ, तुमचा तोटा तुमच्यापाशी.” परवडत नसेल तर कमी रकमेचा करार करा, कमी खेळाडू घ्या, क्लब घेऊच नका. मोठा आकडा लिहून टाळ्या घ्यायच्या आणि सहाव्या महिन्यात हात वर करायचे, हे चालणार नाही.

आणि पैसे नसतात असंही नाही. जून २०२४ मध्ये महासंघाने राष्ट्रीय संघाचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना काढलं. त्यांचा करार २०२६ पर्यंतचा होता. त्यांनी ‘फिफा’कडे जाण्याची धमकी दिली, आणि महासंघाने ४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. स्टिमॅक यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी आपला हक्क वसूल केला. करार वाचलेल्या आणि लढायला तयार असलेल्या माणसाला पैसे मिळतात, हे त्यातून कळतं. सबुरी धरणाऱ्याला आश्वासन मिळतं.

सबुरीवरून आपल्या घरातली गोष्ट काढतो, आणि ती थोडी टोचेल.

कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग हा १८९१ चा क्लब. १९३४ पासून सलग पाच वर्षं त्याने कलकत्ता लीग जिंकली, तेव्हा साऱ्या हिंदुस्तानातल्या मुसलमानांची छाती फुगली होती. त्याच संघाचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून अनवाणी, पायांना पट्ट्या बांधून खेळला. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सेल्टिकला त्याला ठेवून घ्यायचं होतं आणि त्याच्या मानासाठी एक सामना ठेवून उत्पन्नातले पाच टक्के द्यायची तयारी होती. सलीमने सांगितलं की ते पैसे अनाथ मुलांना द्या, आणि तो घरी परतला. ही गोष्ट आपल्याला फार आवडते. मलाही आवडते. पण नव्वद वर्षं आपण हीच गोष्ट का सांगतो, याचा विचार करून बघा. आपल्याला पैसे नाकारणारा खेळाडू हवा असतो. पैसे मागणारा दिसला की आपण कपाळाला आठ्या घालतो. सलीमचं दान हा त्याचा मोठेपणा होता. तो त्याने स्वतः निवडला. त्या मोठेपणाची वर्गणी पुढच्या प्रत्येक खेळाडूकडून सक्तीने गोळा करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कारण त्याच मोहम्मडन स्पोर्टिंगमध्ये अलीकडे काय झालं ते बघा. २०२३-२४ मध्ये क्लबने आय-लीग जिंकली, पहिल्यांदा आयएसएलमध्ये पोहोचला, पुन्हा छाती फुगली. मग गुंतवणूकदार आणि पदाधिकारी यांची शेअरवरून भांडणं सुरू झाली आणि पगार थकले. जिंकून देणारे रशियन प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्ह जानेवारी २०२५ मध्ये पैसे न मिळाल्याने सोडून गेले. खेळाडूंनी सरावाला जायला नकार दिला. संघ तळाला राहिला. त्या दिवसांत सोशल मीडियावर “क्लबच्या इज्जतीचा तरी विचार करा” असे सल्ले वाचायला मिळत होते, आणि ते मिळत होते खेळाडूंना. ज्यांनी चेक दिले नाहीत त्यांच्या इज्जतीचा प्रश्न फार थोड्यांनी काढला. आता सांगा, क्लबची इज्जत कोणी घालवली? सराव थांबवणाऱ्याने की पगार थांबवणाऱ्याने?

हा रोग फुटबॉलपुरता नाही. आपल्याच लोकांनी चालवलेल्या काही शाळांमध्ये शिक्षकाकडून एका रकमेवर सही घेतात आणि हातात दुसरी, छोटी रक्कम ठेवतात. कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं: “कौम की खिदमत है, मास्टरसाब. सवाब मिलेगा.” सवाब द्यायचा की नाही ते अल्लाह बघेल, त्यात संस्थाचालकाने मध्यस्थी करायची गरज नाही. त्याच्या हातात पगार आहे, तो त्याने द्यावा. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या, ही हदीस दर काही जुम्म्यांनी आपण ऐकतो. ऐकून बाहेर येतो आणि घाम वाळला तर वाळला, सबर कर म्हणतो. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, कशाबद्दल आहे? देणंघेणं लिहून ठेवण्याबद्दल. मुदत लिहा, साक्षीदार ठेवा. ज्या समाजाला व्यवहार लिहून ठेवायची एवढी सविस्तर ताकीद आहे, त्या समाजात करार मागणारा माणूस लालची कसा ठरतो हे मला खरोखरच समजत नाही.

“पण म्हाताऱ्याने जागा अडवली तर नव्या पोराला संधी कशी मिळणार?” हा प्रश्न तरुण विचारतात, आणि तुम्ही तरुण आहात म्हणून तुम्हाला तो पटतोही. उलट आहे मित्रांनो. जालन्याच्या मोंढ्यात सकाळची पहिली बोली कितीला सुटते यावर दिवसाचा भाव ठरतो. पहिला शेतकरी अडचणीत असला आणि त्याने मातीमोल भावात माल सोडला, तर मागच्या सगळ्या गाड्यांचा भाव पडतो. संघातला अनुभवी खेळाडू ही पहिली बोली असते. एवढं नाव असलेला माणूस अर्ध्या पगारावर, दुखापतीच्या हमीशिवाय सही करून मोकळा झाला, तर एकोणीस वर्षांच्या पोरासमोर कागद सरकवताना व्यवस्थापक काय म्हणेल? “त्याने केली, तू कोण लागून गेलास?” जुना खेळाडू अडून बसतो तेव्हा त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोरांचा भाव तो धरून ठेवतो. पोराला तर अडून बसताही येत नाही. त्याला उद्या घरी पाठवला तर कोणाला कळणारही नाही.

अडून बसणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते, हेही सांगितलं पाहिजे. १९८९ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार होते आपले दिलीप वेंगसरकर. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यानंतर अमेरिका-कॅनडात प्रदर्शनी सामने खेळले म्हणून नियामक मंडळाने वेंगसरकर, कपिल देव, अझरुद्दीन, शास्त्री यांच्यासह सहा जणांवर वर्षभराची बंदी घातली. हंगाम संपल्यावर आपला वेळ आपण कुठे विकायचा, हा वाद होता. प्रकरण न्यायालयात गेलं, मंडळाला बंदी मागे घ्यावी लागली. पण वेंगसरकर पुन्हा कधी भारताचे कर्णधार झाले नाहीत. त्याआधी सहाच वर्षांपूर्वी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला त्याच मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला, तेव्हा खेळाडूंना एकेक लाख मिळाले. लतादीदींचं मन मोठं होतं यात शंका नाही. पण जग जिंकलेल्या खेळाडूंना गाण्याच्या कार्यक्रमातून बक्षीस मिळावं, ही मंडळासाठी लाजेची गोष्ट होती. आज क्रिकेट मंडळाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा खेळाडूंसाठी बाजूला निघतो. तो काढावा लागतो, कारण मधल्या काळात काही ज्येष्ठ खेळाडूंनी वाईटपणा घेऊन हिशोब मागितला.

युरोपातही असंच झालं. जाँ-मार्क बोसमान हा बेल्जियमचा साधारण खेळाडू. १९९० मध्ये करार संपला, तेव्हा लीजच्या क्लबने जुन्या पगाराच्या चौथाईवर नवा करार पुढे केला. त्याने नाही म्हटलं. फ्रान्सच्या क्लबकडे जाऊ लागला तर करार संपलेला असूनही जुन्या क्लबने पैसे मागितले आणि वाट अडवली. तो पाच वर्षं कोर्टात लढला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला जाऊ द्यावंच लागेल, त्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. आज एम्बाप्पे करार संपवून एका क्लबातून दुसऱ्यात फुकट जातो, तो या निकालामुळे. बोसमानची स्वतःची कारकीर्द त्या पाच वर्षांतच संपली होती. पुढे त्याचे दिवस हलाखीत गेले. ज्याने दार उघडलं तो उंबऱ्यावरच राहिला.

म्हणून एकट्याने लढू नका, हे खेळाडूंना सांगावंसं वाटतं. भारतात फुटबॉलपटूंची संघटना २००६ पासून आहे, बायचुंग भुतिया तिच्या स्थापनेत पुढे होता. पण संघटना आहे हे कित्येक खेळाडूंना अडचण आल्यावर आठवतं. ‘फिफा’च्या नियमात १४ बिस नावाचं कलम आहे. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर करार मोडून बाहेर पडायला त्याला योग्य कारण मिळतं. म्हणजे जागतिक संघटनाच सांगते की पगार नसेल तर खेळू नका, फक्त नोटीस लेखी द्या. आपल्या टपरीवरच्या न्यायाधीशांना हे कलम कोणी वाचून दाखवेल का?

आता हसनाबाद. आपल्याकडे उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. प्रवेश फी, चषक, बक्षिसाची रक्कम, पुढाऱ्याचा मोठा फोटो, सगळं पत्रकावर छापलेलं असतं. जवळच्या गावातून एखादा तिशी उलटलेला जुना खेळाडू मुद्दाम बोलावला जातो, कारण त्याच्या नावावर गर्दी जमते. त्याला काय मिळतं? येण्याजाण्याचं पेट्रोल आणि एक शाल, तेही आठवण राहिली तर. सामन्यात कोणाचं बोट मोडलं, खांदा निखळला, तर भोकरदन नाहीतर जालन्याच्या दवाखान्याचं बिल त्याच्या घरचे भरतात, आणि तितके दिवस मजुरी बुडते ती वेगळी. पुढच्या स्पर्धेचं पत्रक छापायला जाईल तेव्हा आयोजकांमध्ये तुमच्यापैकीच कोणी असेल. पुढाऱ्याचा फोटो दोन इंच लहान करा. त्या जागेत तीन गोष्टी छापा: बोलावलेल्या खेळाडूचं मानधन किती, ते कोणत्या तारखेला देणार, आणि जखमी खेळाडूच्या दवाखान्याचा खर्च कोण करणार. खाली आयोजकाची सही घ्या. कोणी जुना खेळाडू म्हणाला की हे छापल्याशिवाय मी येत नाही, तर त्याला फोन करून समजावत बसू नका, छापखान्यात फोन करा.